डक्टमधला प्लंबर

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' असं छापलेलं आहे. घरात याचा सगळ्यात जास्त राग कुणाला येत असेल तर तो माझ्या भाचीला. ती खरीखुरी आर्किटेक्ट. म्हणजे पाच वर्षांचं बी.आर्क., मग पुण्यातल्या एका ऑफिसात दोन वर्षं नोकरी, आणि आता मास्टर्सचं शेवटचं वर्ष. "मामा, १९७२ चा कायदा आहे. काउन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. एक दिवस तुझ्यावर केस करणार आहे मी," ही तिची ठरलेली धमकी. मी एकदा तो कायदा काढून वाचला. त्यात लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बागवाले आणि बोटीवाले, यांना सूट आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा उल्लेखच नाही. ७२ साली आमची जमात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती, त्याला मी काय करणार?

असो. तर सांगायचा मुद्दा असा की गेल्या शनिवारी सकाळी या भाचीने मला एक पीडीएफ पाठवली. खाली मेसेज : "पोर्टफोलिओ. पुढच्या आठवड्यापासून नोकरीसाठी पाठवायचाय. बघून सांग. खोटं कौतुक नको."

आमच्या क्षेत्रात दोन पानांचा रेझ्युमे असतो आणि तोही कुणी धड वाचत नाही. आर्किटेक्ट मंडळींचं प्रकरण वेगळं. त्यांचा पोर्टफोलिओ म्हणजे छोटं पुस्तकच. हिचा बावन्न पानांचा होता. चहा घेऊन बसलो.

पहिली तीस-बत्तीस पानं कॉलेजमधले प्रोजेक्ट. नदीकाठचं सांस्कृतिक केंद्र, डोंगरउतारावरची शाळा, हस्तकलेचं म्युझियम. चित्रं बघून खरंच छाती फुगली. संध्याकाळचा केशरी प्रकाश, काँक्रीटच्या लांबच लांब भिंती, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, वर आकाशात पक्ष्यांची रांग. मग जरा जवळून बघितलं. पायऱ्यांवर बसलेली माणसं सगळी गोरीपान, अंगात लांब कोट. पुण्यात! एकाच्या हातात स्केटबोर्ड. आणि एवढ्या मोठ्या सांस्कृतिक केंद्रासमोर एकही दुचाकी नाही. मी पुण्यात जन्म काढला, दुचाकी नसलेली सार्वजनिक इमारत अजून बघितलेली नाही. मी तसं तिला कळवलं. उत्तर आलं : "ते कटआउट्स असतात रे. रेडीमेड मिळतात. सगळे तेच वापरतात."

ठीक आहे. पुढे मास्टर्सचं काम, तेही असंच देखणं. आणि मग शेवटून दुसऱ्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात : 'व्यावसायिक अनुभव : ज्युनियर आर्किटेक्ट, पुणे, २ वर्षं. वर्किंग ड्रॉइंग्ज, मंजुरीची ड्रॉइंग्ज, साइट व्हिजिट्स.' बस्. बावन्न पानांत दोन वर्षांना दीड ओळ.

मी फोन लावला. "अगं, ही दोन वर्षं कुठे गेली?"

"त्यात दाखवण्यासारखं काही नाही रे मामा. सात मजली सोसायटी होती. मी काय केलं, तर टॉयलेटचे डिटेल्स, दरवाजे-खिडक्यांचं शेड्यूल, टाइल्सचा लेआउट आणि एक डक्ट. ते काही डिझाइन नाही, ते ऑफिसचं काम."

"डक्टचं काय केलंस?"

"सोड ना."

मी सोडलं नाही. (बग रिपोर्ट लिहिणाऱ्याकडून खरी माहिती काढायची वीस वर्षांची सवय आहे.) मग तिने जे सांगितलं ते असं.

दोन फ्लॅटची टॉयलेट्स पाठीला पाठ लावून येतात. मध्ये एक अरुंद उभी पोकळी असते, तळापासून गच्चीपर्यंत. तोच डक्ट. संडासाचा जाड पाइप, न्हाणीच्या पाण्याचा पाइप, वरच्या टाकीतून येणाऱ्या लाइनी, सगळं त्यातून जातं. आपण तिकडे कधी बघत नाही. गळती झाली की बघतो, आणि तेव्हाही स्वतः न बघता प्लंबरला आत पाठवतो. ही एकदा दुसऱ्याच एका जुन्या इमारतीत गळती बघायला सिनियरबरोबर गेली होती. टॉयलेटच्या खिडकीच्या काचपट्ट्या काढून प्लंबर डक्टमध्ये उतरला होता. चौथा मजला. एक पाय खिडकीच्या कडेवर, दुसरा पाइपच्या क्लॅम्पवर, पाठ समोरच्या भिंतीला टेकवलेली. पायाखाली दुसरं काहीही नाही. कमरेला दोर नाही. एका हाताने मोबाइलचा टॉर्च धरून दुसऱ्या हाताने तो सांधा चाचपत होता. फ्लॅटच्या मालकीणबाई बाहेरून विचारत होत्या, "किती वेळ लागेल हो?"

ऑफिसात परत येऊन हिने स्वतःच्या टेबलावरच्या इमारतीचं ड्रॉइंग काढलं. डक्टची रुंदी साठ सेंटिमीटर. त्यातून पाइपांची जागा वजा केली तर माणूस आडवा शिरेल, पण त्याला वळता येणार नाही. आत उभं राहायला काही नाही. आत जायचा रस्ता खिडकीतूनच. म्हणजे जे ती बघून आली होती तेच ती पुन्हा काढत होती. सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, दोन डक्ट.

तिने डक्ट नव्वद सेंटिमीटरचा केला, दर मजल्यावर उभं राहायला लोखंडी जाळी दाखवली, आणि जिन्याच्या बाजूने एक छोटं दार. सिनियरने एका मिनिटात नाही म्हटलं. कारण सरळ होतं. तीस सेंटिमीटर आणायचे कुठून? दोन्ही बाजूंच्या टॉयलेटमधून पंधरा-पंधरा. म्हणजे फ्लॅटमागे साधारण चार चौरस फूट कमी. रेराचा कायदा २०१६ साली आल्यापासून फ्लॅट विकायचा तो कार्पेट एरियावर, आणि डक्ट त्यात मोजत नाहीत. चार फूट गुणिले अठ्ठावीस फ्लॅट गुणिले पुण्यातला भाव. बिल्डर ऐकणार आहे का?

हिने मग टॉयलेटचा लेआउट बदलून बघितला. वॉश बेसिन बाहेर पॅसेजमध्ये काढलं, दाराची बाजू फिरवली, कमोड आणि न्हाणीची अदलाबदल केली. तीन वेळा ड्रॉइंग बदललं. तिसऱ्या वेळी टॉयलेट थोडं लहान होऊनही आत हालचालीला मोकळं झालं. मीटिंगमध्ये हिच्या बाजूने अनपेक्षितपणे बोलला तो प्लंबिंगचा कॉन्ट्रॅक्टर. त्याने एकच प्रश्न विचारला : "आत माणसाला चक्कर आली तर बाहेर कसा काढायचा?" शेवटी तोडगा निघाला. नव्वद नाही, पंचाहत्तर सेंटिमीटर. जाळी दर मजल्यावर, दार मात्र एक मजला सोडून. फ्लॅटमागे साधारण दोन चौरस फूट गेले. इमारत उभी राहिली, लोक राहायलाही आले.

"आणि हे तू पोर्टफोलिओत घातलं नाहीस?"

"डक्ट कोण बघतं मामा?"

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की त्या बावन्न पानांत खरं डिझाइन जर कुठे असेल तर ते या न घातलेल्या डक्टमध्ये आहे.

मी बाहेरचा माणूस आहे, हे कबूल. मला प्रपोर्शन कळत नाही, प्रकाशाचं काही कळत नाही. पण डिझाइन म्हणजे काय, याचा थोडा विचार आमच्याही धंद्यात करावा लागतो. जागा मर्यादित, पैसा मर्यादित, प्रत्येकाला वेगळं काही हवंय, आणि ज्याला सर्वात जास्त त्रास होणार तो मीटिंगला हजरच नाही. अशा वेळी तुम्ही काय सोडता, काय धरून ठेवता आणि ते इतरांना कसं पटवता, ते डिझाइन. नदीकाठच्या सांस्कृतिक केंद्रात हिला कुणी नाही म्हणालंच नव्हतं. जागा हवी तेवढी, बजेट कल्पनेतलं, आणि पार्किंगचं नाव नाही. तिथे हिची कल्पनाशक्ती दिसते, आणि तीही हवीच. पण हिच्या हातात खरी इमारत दिली तर ही काय करेल, याचं उत्तर डक्टच देतो.

आता कुणी म्हणेल, संडास आणि ड्रेनेज दाखवून कुणी मोठा आर्किटेक्ट झालाय का? झालाय की. आणि तोही पुण्यात जन्मलेला. बाळकृष्ण दोशी. जन्म १९२७, शिक्षण मुंबईत जे. जे. ला, मग १९५१ ते ५४ पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं, आर्किटेक्ट लोकांचं नोबेलच म्हणतात त्याला. भारतात ते मिळवणारे ते पहिले. त्यांच्या ज्या कामांचं नाव सगळीकडे घेतलं जातं त्यातलं एक म्हणजे इंदूरची अरण्य वसाहत. सुमारे साडेसहा हजार घरांची योजना, बहुतेक अत्यंत कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कारही मिळाला.

गंमत अशी की त्यात दोशींनी सगळी घरं बांधून दिलीच नाहीत. नमुना म्हणून ऐंशी घरं डिझाइन करून दाखवली. बाकी गरिबांना काय दिलं? एक प्लॉट, त्यावर जोतं, आणि संडास-न्हाणीचा गाभा. पाणी, वीज, ड्रेनेज. पुढचं घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने, जमेल तेव्हा, वाढवत न्यायचं. म्हणजे विचार कशाचा केला? भिंती लोक बांधतील, रंग लोक लावतील, वरचा मजला पोरगा कमवायला लागला की चढेल. पण जमिनीखालचा पाइप आणि गल्लीची रुंदी एकदा चुकली की कुटुंबाला आपल्या खर्चाने ती सुधारता येत नाही. म्हणून ते आधी नीट करा. हे असलं काम संध्याकाळच्या केशरी प्रकाशात काढून दाखवता येत नाही. त्याचं ड्रॉइंग म्हणजे चौकोन आणि रेघा. पण हजारो कुटुंबांची घरं त्या चौकोनांवर उभी राहिली.

(भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मला अरण्य शिकवतोस? आम्हाला परीक्षेला होतं ते." म्हटलं, मग परीक्षेला होतं ते पोर्टफोलिओच्या वेळी कुठे गेलं?)

आता दुसरा मुद्दा, जरा नाजूक. हिच्या मास्टर्सच्या एका प्रोजेक्टवर 'ग्रुप वर्क' असं लिहिलं होतं. चार जणांचा गट. हिने काय केलं ते कुठेच नाही. विचारलं तर कळलं की वस्तीत महिनाभर फिरून घराघरांची मापं हिने आणि एका मैत्रिणीने घेतली, आणि सेक्शन सगळे हिचे. पण शेवटची झकपक रेंडर्स तिसऱ्याने केली. साहजिकच चौघांच्याही पोर्टफोलिओत पान भरून आहेत ती तिसऱ्याची रेंडर्स. मापं कुणाच्याच पोर्टफोलिओत नाहीत.

कुणी काय केलं हे न लिहिल्याने काय होतं, याचं एक मोठं उदाहरण या धंद्यातच आहे. डेनिस स्कॉट ब्राउन आणि रॉबर्ट व्हेंचुरी हे अमेरिकेतलं नवरा-बायकोचं जोडपं. साठच्या दशकापासून एकत्र काम. लास व्हेगासच्या रस्त्यांवर १९७२ साली आलेलं त्यांचं पुस्तक जगभर शिकवतात. त्यावर दोघांचंही नाव आहे आणि तिसऱ्या सहकाऱ्याचंही. पण १९९१ साली प्रित्झकर दिलं ते एकट्या व्हेंचुरींना. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी ही चूक दुरुस्त करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. स्वतः व्हेंचुरींनीही सही केली. परीक्षक मंडळाने कळवलं की जुन्या मंडळाचा निर्णय आम्ही बदलू शकत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने सुवर्णपदक दोघांना मिळून दिलं, तेवढीच काय ती भरपाई. इतक्या नावाजलेल्या बाईंच्या वाट्याला हे आलं. मग चौघांच्या गटातल्या माझ्या भाचीचं काय?

याची दुसरी बाजूही आहे. 'आम्ही' म्हणून दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवता येतं. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा प्रत्येक रेझ्युमेत एखादी अवाढव्य सिस्टिम असते आणि ती 'आम्ही' बांधलेली असते. "यात तुम्ही काय केलंत?" असं विचारलं की निम्म्या लोकांचा आवाज बसतो. मी त्यांना हसत नाही, कारण मीही त्यातलाच. सुरुवातीची तीन वर्षं मी एका बँकेच्या सिस्टिमच्या सपोर्टला होतो. रात्री दोनला बॅच अडकली की उठून बसायचं. रेझ्युमेत मी त्याला एक शब्द दिला होता, 'मेंटेनन्स', आणि पुढे अर्धं पान नव्या प्रोजेक्टचं कौतुक. त्या नव्या प्रोजेक्टात मी खरं म्हणजे तीन स्क्रीन केल्या होत्या. एका इंटरव्ह्यूत समोरचे पिकल्या केसांचे गृहस्थ त्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "याबद्दल बोला." पाऊण तास बोललो. नोकरी त्या पाऊण तासावर मिळाली. तरीही घरी येऊन मी रेझ्युमे बदलला नाही. आपल्याच कष्टाच्या कामाची आपल्याला लाज का वाटते कोण जाणे.

आता तिची बाजू. ती म्हणते, "मामा, ऑफिसात पोर्टफोलिओ ढिगाने येतात. अर्ध्या मिनिटात चाळून बाजूला टाकतात. पहिल्या नजरेत काहीतरी भारी दिसलं नाही तर तुझा डक्ट कोणी उघडणार पण नाही." यात तथ्य आहे. मी काही तिला मुखपृष्ठावर संडास छाप म्हणत नाहीये. :-) पण एक गोष्ट बदलली आहे. केशरी प्रकाशातलं चित्र पूर्वी दुर्मिळ होतं, ते करायला रात्री जागवाव्या लागायच्या. आता एआयला चार ओळी लिहिल्या की मिनिटभरात तसली डझनभर चित्रं मिळतात, पक्ष्यांसकट. भारी दिसणं स्वस्त झालं. मग नोकरी देणाऱ्याने दोन मुलांमध्ये फरक करायचा कशावरून? महिनाभर वस्तीत फिरून घेतलेल्या मापांवरून आणि तीन वेळा बदललेल्या टॉयलेटवरूनच ना?

तर मी तिला ज्या सूचना केल्या त्या इथेही लिहितो. कुणाच्या भाच्या-पुतण्यांना उपयोग झाला तर उत्तम.

एक. नोकरीतल्या कामातून एकच छोटी गोष्ट निवडा आणि तिला चार पानं द्या. आधी काय होतं, अडचण काय, कुणाचा विरोध, कुठले पर्याय टाकून दिले, शेवटी काय झालं. नव्वद मागितले आणि पंचाहत्तर मिळाले हेही लिहा. हट्ट कुठे सोडला हे कळल्यावर माणूस जास्त खरा वाटतो.

दोन. आधी ऑफिसची परवानगी घ्या. ड्रॉइंग ऑफिसचं असतं, आपण फक्त काढलेलं असतं. परवानगी नाही मिळाली तर इमारतीचं नाव-गाव काढून आपल्या हाताने नवी आकृती काढा. विचार आपला आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

तीन. प्रत्येक प्रोजेक्टखाली एक ओळ : 'यातला माझा भाग'. गटातल्या बाकीच्यांचीही नावं. रेंडर दुसऱ्याचं असेल तर तसं लिहा. एआयचं असेल तर तसं.

चार. मजकुराला कमी लेखू नका. १९८१ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या स्पर्धेला चौदाशेहून जास्त प्रवेशिका आल्या होत्या, नावं झाकलेल्या. जिंकली ती एकवीस वर्षांची माया लिन, येल विद्यापीठातली विद्यार्थिनी. तिची चित्रं म्हणजे रंगीत खडूंनी काढलेले साधे धूसर आकार. सोबत पानभर मजकूर होता. जमिनीत उतरत जाणारी भिंत, तिच्यावर मेलेल्यांची नावं, आणि चालणाऱ्याला काय वाटेल, ते तिने शब्दांत सांगितलं होतं.

पाच. कृपा करून दुचाकी दाखवा.

रविवारी रात्री सुधारलेली पीडीएफ आली. डोंगरावरची शाळा वगळली होती (मला ती आवडली होती, पण असो). डक्टला चार पानं. पहिल्या पानावर रेंडर नाही, फोटोही नाही, हाताने काढलेला एक सेक्शन. दोन भिंती, मध्ये पाइप, आणि त्यात पाठ टेकवून, एक पाय क्लॅम्पवर ठेवून उभा असलेला माणूस. हा मात्र रेडीमेड कटआउट नव्हता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेला. शेजारी मापं. खाली ओळ : 'यातला माझा भाग : डक्टची रुंदी, जाळी, टॉयलेटचा लेआउट. दार दर मजल्यावर हवं होतं, ते मला पटवता आलं नाही.'

ही शेवटची ओळ मी सुचवलेली नव्हती.

नोकरीचं काय होतं ते कळेलच. पीडीएफच्या खाली आणखी एक मेसेज होता : "आता तुझा रेझ्युमे पाठव. आणि कार्डावरचं ते आर्किटेक्ट खोड."

रेझ्युमे उघडून बसलोय. 'मेंटेनन्स' हा शब्द अजून तिथेच आहे.